यजमानाची कामे : दूध डेअरीच्या यंत्रात यूएसबी होस्ट बसवताना



हॉस्टेलमध्ये प्रत्येकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक तरी पेनड्राइव्ह असतोच. सबमिशनच्या आदल्या रात्री तो या खोलीतून त्या खोलीत फिरतो. पीसीला लावला की खिडकी उघडते आणि आपण कामाला लागतो. त्या दोन सेकंदांत आत काय काय घडलं याचा विचार आपण करत नाही, कारण ते काम विंडोज किंवा लिनक्स गुपचूप करून टाकतं. पण स्वतःचा एम्बेडेड बोर्ड घेऊन त्यात यूएसबीचं भोक ठेवलं आणि पेनड्राइव्ह खुपसला, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. साधा दिवासुद्धा लागत नाही. मग मुलं म्हणतात, "बोर्ड खराब आहे."

बोर्ड बहुधा चांगला असतो. त्याला यजमान कसं व्हायचं हे कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच. हे सांगणं म्हणजेच यूएसबी होस्टचं कॉन्फिगरेशन. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघांनी दूध संकलन केंद्रावर चालणारं एक छोटं यंत्र तयार केलं. माझं गाव शिरूर तालुक्यात आणि मावशीचं दौंड तालुक्यात. त्यामुळे भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही डेअऱ्या पाहता आल्या. त्या कामात जे शिकायला मिळालं ते क्रमाने मांडतो. पुढच्या वर्षी प्रकल्प करणाऱ्यांना आणि ओरलला यूएसबी आली की घाम फुटणाऱ्यांना उपयोग होईल.

डेअरीवर काय चालतं?

घोडनदी म्हणजे शिरूर, तिथून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता धरा. उसाच्या जोडीने दारोदारी गाई दिसतात. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन डेअरीला दूध घालतात. काट्यावर वजन होतं, नमुना मिल्क अॅनालायझरमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ निघतं, दर ठरतो आणि स्लिप हातात पडते. गाईच्या दुधाचा आधारदर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असतो. त्याहून कमी-जास्त लागलं की दर हलतो. बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी हिशोब होतो. त्याला गावात "दुधाचा पगार" म्हणतात, आणि किराणा, पेंड, पोरांची फी हे सगळं त्यावर चालतं.

या सगळ्या नोंदी डेअरीच्या खोलीतल्या यंत्रातून संघाच्या किंवा खरेदीदाराच्या संगणकात जायला हव्यात. आता पुष्कळ यंत्रांत सिमकार्ड असतं. पण रेंज गेली, रिचार्ज संपला की पेनड्राइव्ह हाच दुसरा रस्ता. २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं आणि ते थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात द्यायचं ठरलं. तेव्हापासून कोणी किती लिटर घातलं ही नोंद नावानिशी जपण्याचं महत्त्व आणखी वाढलं.

आकडा किती मोठा आहे ते पाहा. समजा २०० सभासद, दिवसातून दोन वेळा, दहा दिवस. म्हणजे ४,००० नोंदी. एक नोंद ६४ बाइटची धरली तर २,५६,००० बाइट, म्हणजे २५० केबी. एका गाण्याच्या फाईलपेक्षाही कमी. तेव्हा इथे यूएसबीचा वेग किती हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे खात्रीचा. नोंद गेली म्हणजे गेलीच पाहिजे.

यजमान आणि पाहुणा

यूएसबीचं पहिलं विनिर्देश जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, एनईसी अशा कंपन्यांनी ते मिळून तयार केलं. इंटेलमधल्या या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९८ मध्ये १.१ ही आवृत्ती आली, २००० मध्ये २.० आणि २००८ मध्ये ३.०. वेग तसे वाढत गेले : लो-स्पीड १.५, फुल-स्पीड १२, हाय-स्पीड ४८० मेगाबिट प्रति सेकंद, आणि पुढे ५ गिगाबिट. आपल्या कामाला २.० पुरेशी आहे.

या बसवर सगळ्यांना सारखा मान नाही. एक होस्ट असतो, बाकीचे सगळे डिव्हाइस. डिव्हाइस स्वतःहून कधीच बोलत नाही. होस्टने विचारलं तरच उत्तर. कीबोर्डचं बटण दाबलं तरी कीबोर्ड ओरडून सांगत नाही. होस्ट ठराविक काळाने "काही आहे का?" असं विचारतो, तेव्हा तो सांगतो. म्हणून डिव्हाइस स्वस्त आणि साधं बनवता येतं, आणि सगळी डोकेदुखी होस्टकडे राहते.

लग्नघरातला यजमान आठवा. पाहुण्याला आत घ्यायचं, बसायला जागा द्यायची, नाव-गाव विचारायचं, खायला घालायचं आणि नीट निरोप द्यायचा. पाहुणा फक्त येतो. यूएसबी होस्टची कामं याच क्रमाने लागतात : वीज, कंट्रोलर, ओळख, ड्रायव्हर आणि निरोप. अडचण आली की खालून वर याच क्रमाने तपासायचं. वरून सुरुवात केली तर ड्रायव्हर बदलण्यात आठवडा जातो आणि शेवटी पाच व्होल्टच नव्हते असं कळतं.

पायरी १ : वीज

यूएसबी २.० च्या पोर्टवर चार तारा असतात : पाच व्होल्ट, ग्राउंड, डी-प्लस आणि डी-मायनस. पाच व्होल्टच्या तारेला व्ही-बस म्हणतात. पीसीला जोडायच्या डिव्हाइस बोर्डवर हे व्होल्ट बाहेरून येतात, होस्ट बोर्डवर मात्र ते आपण द्यायचे. पूर्ण ताकदीच्या पोर्टने ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये राहून ५०० मिलिअँपिअर द्यावे असा नियम आहे. डिव्हाइसने मात्र ओळख पूर्ण होईपर्यंत १०० मिलिअँपिअरच्या वर ओढायचं नाही.

व्ही-बसवर साधारणपणे एक पॉवर स्विच असतो आणि तो प्रोसेसरच्या एखाद्या जीपीआयओ पिनने चालू होतो. ती पिन कोणती, आणि स्विच हाय केल्यावर चालतो की लो केल्यावर, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. लिनक्समध्ये ही माहिती डिव्हाइस ट्रीमध्ये जाते. लॅबमधला एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी बोर्ड घ्या. त्यावर पीसी-शून्य ही पिन लो केली की पोर्टला वीज मिळते. हे उलटं समजून हाय केली, तर बाकी सगळा प्रोग्रॅम बरोबर असूनही पेनड्राइव्ह मेल्यासारखा पडून राहतो.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची. पेनड्राइव्ह लावताच त्याच्यातला कपॅसिटर भरण्यासाठी करंटचा झटका बसतो. म्हणून होस्टच्या बाजूला व्ही-बसवर किमान १२० मायक्रोफॅरड ठेवायला विनिर्देश सांगतं, आणि डिव्हाइसला १० मायक्रोफॅरडची मर्यादा घालतं. डेअरीच्या यंत्रात तर थर्मल प्रिंटरही असतो, आणि तो स्लिप छापताना चांगलाच करंट ओढतो. प्रिंटर आणि यूएसबी एकाच रेग्युलेटरवर असतील तर स्लिप छापताना पेनड्राइव्ह गायब होऊ शकतो. आम्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवरून दोघांसाठी वेगळे रेग्युलेटर घेतले.

तपासायची सोपी रीत : पोर्टवर १० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावा. अर्धा अँपिअर वाहील. मल्टिमीटर पोर्टवरच धरा. ४.७५ च्या खाली उतरलं तर पुढे जाऊच नका. रेझिस्टर हाताने धरू नका, चटका बसतो.

पायरी २ : कंट्रोलर

बस चालवणारं हार्डवेअर म्हणजे होस्ट कंट्रोलर. त्याच्या जाती आहेत. यूएसबी १.१ च्या काळातल्या दोन : इंटेलची यूएचसीआय आणि कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट, नॅशनल सेमीकंडक्टर यांची ओएचसीआय. २.० साठी ईएचसीआय आली आणि ३.० साठी एक्सएचसीआय. याशिवाय अनेक एआरएम चिपमध्ये ओटीजी कंट्रोलर असतो, म्हणजे तो होस्टही होतो आणि डिव्हाइसही. चिपच्या डेटाशीटमध्ये आपली जात आधी शोधा आणि कर्नलमध्ये त्याच जातीचा ड्रायव्हर चालू करा.

ईएचसीआयबाबत एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ईएचसीआय फक्त हाय-स्पीड जाणते. १.५ किंवा १२ मेगाबिटचं डिव्हाइस आलं की ती पोर्टचा ताबा सोबतच्या जुन्या कंट्रोलरला देते. त्याला कम्पॅनियन म्हणतात, आणि एआरएम चिपमध्ये तो बहुधा ओएचसीआय असतो.

आमच्या बोर्डसोबत तयार मिळालेल्या कर्नलमध्ये ईएचसीआय चालू होती, ओएचसीआय बंद. पेनड्राइव्ह लावला की झकास चाले, कारण तो हाय-स्पीड. पण मिल्क अॅनालायझर आरएस-२३२ वर बोलतो. त्यासाठी लावलेला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर १२ मेगाबिटचा. तो लावला की कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळही येत नसे. ईएचसीआयने पोर्ट सोडलेला आणि घ्यायला पलीकडे कोणी नाही! तोच कन्व्हर्टर मधे यूएसबी २.० चा हब ठेवून लावला तर मात्र चालला. हब स्वतः हाय-स्पीडने बोलतो आणि खालच्या संथ डिव्हाइससाठी दुभाष्याचं काम करतो. या एका प्रयोगाने निदान झालं. ओएचसीआय चालू करून कर्नल पुन्हा बांधला आणि कन्व्हर्टर थेट लागला. असं लक्षण दिसलं तर हबची ही युक्ती करून बघा, पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

ओटीजी असेल तर आणखी एक तपासणी. छोट्या कनेक्टरवर आयडी नावाची पाचवी पिन असते. ती ग्राउंडला जोडलेली असेल तर बोर्ड होस्ट होतो. मोठा ए-प्रकारचा पोर्ट लावून बोर्ड कायमचा होस्टच ठेवायचा असेल, तर डिव्हाइस ट्रीमध्ये डीआर-मोड या गुणधर्माची किंमत "होस्ट" अशी लिहा. नाहीतर दोन्हीकडचे पाहुणे होऊन बसतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पायरी ३ : ओळख

होस्टच्या डी-प्लस आणि डी-मायनस या दोन्ही तारा १५ किलो-ओहमने ग्राउंडकडे ओढलेल्या असतात. डिव्हाइस आपल्या बाजूने १.५ किलो-ओहमने एक तार वर ओढतं. डी-प्लस वर गेली तर फुल-स्पीड, डी-मायनस गेली तर लो-स्पीड. कोणीतरी आलं हे होस्टला असं कळतं. हाय-स्पीड डिव्हाइस आधी फुल-स्पीड म्हणूनच दिसतं आणि रीसेटच्या वेळी खास खुणा करून आपली खरी जात सांगतं.

मग होस्ट १०० मिलिसेकंद थांबतो, कारण प्लग घुसताना संपर्क थरथरतो. नंतर रीसेट. रूट पोर्टवर तो किमान ५० मिलिसेकंद धरायचा. आता पाहुण्याचा पत्ता शून्य असतो. होस्ट त्याला १ ते १२७ मधला पत्ता देतो आणि १८ बाइटचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचतो. त्यात कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो. पुढे कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टर. त्यात किती करंट लागेल ते २ मिलिअँपिअरच्या पटीत लिहिलेलं असतं, म्हणजे २५० लिहिलं असेल तर ५०० मिलिअँपिअर. इंटरफेस डिस्क्रिप्टरमध्ये वर्ग असतो : ०३ म्हणजे कीबोर्ड-माऊस, ०७ प्रिंटर, ०८ मास स्टोरेज, ०९ हब. एफएफ म्हणजे कंपनीचा स्वतःचा प्रकार, आणि कितीतरी यूएसबी-सीरियल चिप यात मोडतात. शेवटी होस्ट "सेट कॉन्फिगरेशन" पाठवतो आणि पाहुणा कामाला तयार होतो.

लिनक्सवर हे सगळं डीमेसेज या आज्ञेने दिसतं. दोन आकडे पाठ करा. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, बहुधा उत्तर बिघडून आलं. तेव्हा केबल, सोल्डरिंग, डी-प्लस डी-मायनसच्या ट्रॅकची लांबी आणि व्ही-बस पाहा. उणे ११० म्हणजे मुदत संपली, उत्तरच आलं नाही. तेव्हा क्लॉक, इंटरप्ट आणि पुन्हा व्ही-बस पाहा. आणि लॉगमध्ये काहीच नसेल तर अडचण पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे, वर शोधू नका.

पायरी ४ : ड्रायव्हर

इथे बहुतेकांची फसगत होते, कारण "यूएसबी" या एका मेन्यूखाली सगळं सापडेल असं वाटतं. पेनड्राइव्हला चार वेगवेगळ्या मेन्यूंतल्या गोष्टी लागतात. मेन्यूकॉन्फिग उघडून ही यादी लावा. नावं इथे देवनागरीत आहेत, पडद्यावर रोमनमध्ये दिसतील.

१) यूएसबी सपोर्टमध्ये : होस्ट-साइड यूएसबी, ईएचसीआय, ओएचसीआय आणि यूएसबी मास स्टोरेज.

२) स्कझीमध्ये : स्कझी डिस्क सपोर्ट. स्कझी १९८६ साली मानक झाली, पण पेनड्राइव्ह आजही तिच्याच आज्ञा समजतो. होस्ट ३१ बाइटचं आज्ञेचं पाकीट पाठवतो, मग डेटा जातो, आणि पेनड्राइव्ह १३ बाइटची पोच देतो. हा भाग गाळला तर लॉगमध्ये "मास स्टोरेज सापडलं" असं येतं, पण एसडीए नावाची डिस्क तयार होत नाही.

३) फाईल सिस्टिममध्ये : व्हीफॅट. ६४ जीबी आणि पुढचे पेनड्राइव्ह अनेकदा एक्सफॅटमध्ये येतात. त्याचा आजचा ड्रायव्हर कर्नल ५.७ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. जुना कर्नल असेल तर डेअरीवाल्यांना फॅट३२ केलेला लहान पेनड्राइव्हच द्या.

४) भाषेच्या मेन्यूत : कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१. हे विसरलं तर डिस्क दिसते पण माउंट होत नाही. चूक फाईलच्या नावांच्या लिपीची आणि शोध मात्र हार्डवेअरमध्ये, असा प्रकार होतो.

कन्व्हर्टरसाठी यूएसबी सीरियलच्या मेन्यूत त्याच्या चिपचा ड्रायव्हर निवडा. हे सगळं मॉड्यूल न करता कर्नलमध्येच बांधलं तर लहान बोर्डवर मॉड्यूल चढवायची कटकट राहत नाही.

आणखी दोन बारकावे. काही पेनड्राइव्हवर पार्टिशन नसतं, त्यामुळे एसडीए-१ न दिसता नुसती एसडीए दिसते. स्क्रिप्टमध्ये दोन्ही पाहा. आणि जुनी डिस्क नीट सोडली नसेल तर नवी एसडीबी म्हणून येते, तेव्हा नाव गृहीत धरू नका.

लिनक्स न पेलणाऱ्या लहान मायक्रोकंट्रोलरवरही पायऱ्या याच आहेत. एसटीएम३२ वर कंपनीची होस्ट लायब्ररी आणि तिच्यावर फॅटएफएस बसवतात. तिथे यूएसबीचं क्लॉक नेमकं ४८ मेगाहर्ट्झ जमलं पाहिजे आणि लायब्ररीचं प्रोसेस फंक्शन मुख्य लूपमध्ये सतत फिरलं पाहिजे. एक मोठा डिले टाकला की ओळख अर्ध्यावर अडकते.

पायरी ५ : निरोप

दौंड तालुक्यातल्या ज्या डेअरीवर आम्ही आधी पाहणी केली, तिथे दुसरंच एक यंत्र होतं. पगाराच्या दिवशी एक आज्जी स्लिपांची चळत घेऊन आल्या. "लिटर कागदावं हायती, मग पगारात कसं न्हाईत?" सचिव तात्यांनी आम्हाला पेनड्राइव्ह दाखवला. "पोरांनो, कॉपी झाली म्हणून यंत्रानं सांगितलं, तवाच काढला बघा." लॅपटॉपवर पाहिलं तर त्या संध्याकाळच्या फाईलचं नाव होतं आणि लांबी शून्य. कॉपीनंतर यंत्राने आतली नोंदही पुसून टाकली होती. उरल्या होत्या फक्त लोकांच्या हातातल्या स्लिपा. तात्यांनी घरोघर निरोप धाडले, ज्यांच्याकडे स्लिपा निघाल्या त्यांचे लिटर वहीत उतरवून पगार दुरुस्त करून आणला. ज्यांनी स्लिप चुलीत घातली होती त्यांच्यासाठी शेजारपाजारचं साक्षीला धरावं लागलं.

ते यंत्र उघडून पाहणं आमच्या हातात नव्हतं. पण हे लक्षण ओळखीचं आहे. प्रोग्रॅमने "लिहा" म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टिम डेटा आधी रॅममध्ये ठेवते आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते. "लिहा" ही आज्ञा परत आली म्हणजे डेटा पोचला असं नाही. त्या मधल्या सेकंदात पेनड्राइव्ह ओढला किंवा लाईट गेली की नाव राहतं आणि मजकूर जातो. फॅटमध्ये जर्नल नसतं, त्यामुळे मागे जाऊन सावरताही येत नाही.

म्हणून आमच्या यंत्रात निरोपाचा क्रम असा ठेवला :

- फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची.
- एफसिंक करून डेटा खरोखर पेनड्राइव्हवर उतरवायचा. फॅटएफएस असेल तर एफ-सिंक किंवा एफ-क्लोज.
- मग खरं नाव द्यायचं आणि पुन्हा सिंक.
- अनमाउंट करायचं, परत माउंट करून फाईल वाचायची आणि सीआरसी जुळवायचा. पुन्हा माउंट केल्यामुळे आधीच्या कॅशमधलं उत्तर मिळत नाही.
- शेवटचं अनमाउंट झाल्यावरच हिरवा दिवा आणि पडद्यावर "पेनड्राइव्ह काढा".
- आतल्या फ्लॅशमधली मूळ नोंद पुसायची नाही. पगार वाटून झाल्याची खूण सचिवांनी केल्यावरच जुनी नोंद जागा सोडते.

२५० केबीच्या फाईलला हा सगळा सोपस्कार काही सेकंदांत उरकतो. पहिल्या हिशोबात वेगाला महत्त्व दिलं नाही ते यासाठीच. पेनड्राइव्ह हा नुसता निरोप्या आहे, वही नव्हे. वही यंत्राच्या पोटात राहिली पाहिजे.

दाराशी चौकशी

यजमानाने कोणालाही घरात घेऊ नये हेही खरं. बाहेरून पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू आतून "मी कीबोर्ड आहे" असं सांगून आज्ञा टाइप करू शकते. २०१४ मध्ये हा प्रकार बॅडयूएसबी या नावाने जगापुढे आला. दुधाचे दर जिथे भरले जातात अशा यंत्राला ही जोखीम नको. उपाय सोपा आहे. कीबोर्ड-माऊसचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधूच नका. लिनक्समध्ये नव्या डिव्हाइसला आपोआप परवानगी न देण्याचीही सोय आहे. ती वापरून आम्ही फक्त वर्ग ०८ आणि आमच्या कन्व्हर्टरचा क्रमांक एवढ्यांनाच आत घेतो. शिवाय पेनड्राइव्हवरची कोणतीही फाईल यंत्राने चालवायची नाही, फक्त लिहायचं.

तपासणी कशी केली?

प्रकल्प मांडताना "चालतो" एवढं सांगून भागत नाही. आम्ही हॉस्टेलमधून वेगवेगळ्या कंपन्यांचे, नवे-जुने पेनड्राइव्ह गोळा केले. प्रत्येक पेनड्राइव्ह बोर्ड सुरू होण्याआधी लावून, नंतर लावून आणि प्रिंटर छापत असताना लावून पाहिला. लिहिण्याच्या ऐन मध्यात मुद्दाम ओढला, बॅटरीची वायर काढली. अट एकच ठेवली : हिरवा दिवा लागला असेल तर फाईल पूर्ण सापडलीच पाहिजे, आणि दिवा लागला नसेल तर आतली नोंद शाबूत असली पाहिजे. पेनड्राइव्ह गोळा करताना मेसच्या रांगेत उभं राहून विनवण्या कराव्या लागल्या, त्याबद्दल बी विंगच्या मित्रांचे आभार. कोणाच्याही फाईलला धक्का लागलेला नाही!

ओरलसाठी

एक्स्टर्नल हमखास विचारतात असे पाच प्रश्न देतो. उत्तरं वर आलेली आहेत, स्वतः शोधा :

१) डिव्हाइसचा वेग होस्टला कोणत्या तारेवरून कळतो?
२) पत्ता मिळण्याआधी डिव्हाइसचा पत्ता काय असतो?
३) ईएचसीआय असताना ओएचसीआय का लागते?
४) पेनड्राइव्हसाठी स्कझीचा ड्रायव्हर का लागतो?
५) "लिहा" आणि "एफसिंक" यांत फरक काय?

प्रकल्प दूध डेअरीचाच हवा असं नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत यंत्राचा लॉग काढायचा असेल, साखर कारखान्याच्या काट्यावरची नोंद न्यायची असेल किंवा पंपाच्या स्टार्टरची, तरी पाच पायऱ्या याच राहतील. वीज, कंट्रोलर, ओळख, ड्रायव्हर, निरोप. लॅबच्या भिंतीवर हा क्रम लिहून ठेवा आणि बोर्डला दोष देण्याआधी एकदा खालून वर चढून पाहा. पहिल्या चार पायऱ्या चुकल्या तर पेनड्राइव्ह चालत नाही आणि आपल्याला लगेच कळतं. पाचवी चुकली तर सगळं चालल्यासारखं दिसतं आणि दहा दिवसांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी पगारात कळतं. म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्या.

ज्यांना आमची कर्नलची कॉन्फिग फाईल आणि सर्किट पाहायचं असेल, त्यांच्यासाठी एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात प्रकल्प अहवालासोबत ठेवली आहे. पेनड्राइव्ह घेऊन या, आणि जाताना अनमाउंट करून न्या.